कोल्हापूरहून जर्मनीला: पहिल्या तीन महिन्यांत काय आधी, काय नंतर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत तुम्ही अभियंता आहात, स्टुटगार्टच्या परिसरातील एका कारखान्यात ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या निवास परवान्यावर, नोकरी मिळाली आहे, ऑक्टोबरमध्ये तुम्ही एकटे पुढे जाणार आहात आणि जानेवारीत पत्नी व चार वर्षांची मुलगी येणार आहेत. आई-वडील कोल्हापुरातच राहतील. बॅगांत काय भरावे, हाताशी किती पैसे ठेवावेत आणि तिकडचे रोजचे जगणे अंगवळणी पडायला किती काळ लागतो, असे तुम्ही विचारले आहे.

मी कुटुंबासह काही वर्षे त्याच भागात राहिले आणि परतल्यापासून राजारामपुरीत जर्मन शिकवते. माझ्या वर्गात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलचे अभियंते व त्यांच्याबरोबर जाणारी कुटुंबे यांचाच भरणा जास्त असतो, आणि तिकडे पोहोचल्यावरही त्यांचे फोन येत राहतात. जवळजवळ प्रत्येकाची तयारी बॅगेपासून सुरू होते आणि ते साहजिकही आहे, कारण बॅग डोळ्यांसमोर असते. पण पहिले महिने कशामुळे जड गेले असे नंतर विचारले, तर हळद कमी पडली म्हणून असे कोणीच सांगत नाही. एका कागदावाचून दुसरा अडला, तो अडल्यामुळे पगार कमी हातात आला किंवा मुलीचा प्रवेश लांबला. किंवा घरातल्या दोघांपैकी एकालाच सगळे ठाऊक होते आणि तो दिवसभर कारखान्यात होता, असे सांगतात. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न कामांच्या क्रमाचा आहे आणि ती कामे घरात कोणी समजून घ्यायची याचा आहे. सामानाविषयीही सांगेन, पण नंतर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. कंपनी घर शोधण्यात आणि कार्यालयांत सोबत येण्यात मदत करते का, यावर पहिल्या महिन्याचा निम्मा भार ठरतो. मोठ्या शहरात भेटीच्या वेळा उशिरा मिळतात, तर लहान गावात पुष्कळदा थेट जाऊन काम होते. बालवाडीचे शुल्क आणि कचऱ्याचे नियम गावागणिक बदलतात. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यातला क्रम पक्का धरा आणि तपशील तुमच्या गावाच्या नगरपालिकेकडून पडताळून घ्या.

तिकडे सगळे पत्त्यापासून सुरू होते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. या नोंदीसाठी नुसता भाडेकरार पुरत नाही. तुम्ही अमुक तारखेपासून इथे राहता, असे घरमालकाने सही करून दिलेले स्वतंत्र पत्र लागते, आणि गाडे नेमके इथेच अडते. अनेक जण पहिल्या दोन महिन्यांसाठी सुसज्ज तात्पुरती खोली घेतात आणि तिथे पोहोचल्यावर कळते की मालक असे पत्र देणार नाही. तेव्हा खोली ठरवताना भाडे विचारण्याच्या आधी "या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का आणि त्यासाठीचे पत्र मिळेल का" हे विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. नकार आला तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

या नोंदीवर पुढचे किती अवलंबून आहे ते पाहा. नोंद झाली की काही आठवड्यांत अकरा अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीकडे वेळेत गेला नाही, तर कंपनीला सर्वाधिक कपातीच्या सहाव्या वर्गात तुमचा कर कापावा लागू शकतो. जादा कापलेले पैसे पुढे परत मिळतात, पण ज्या महिन्यांत अनामत भरायची आणि फर्निचर घ्यायचे, नेमक्या त्याच महिन्यांत ते हातात नसतात. बँकेचे खाते, आरोग्य विम्याचे कार्ड, निवास परवान्याची भेट, बालवाडीचा अर्ज हे सगळे त्या पत्त्याच्या नोंदीची प्रत मागतात. निवास परवान्यासाठीची भेट तर पोहोचल्याच्या आठवड्यातच मागावी, कारण काही शहरांत तारीख मिळायलाच महिने लागतात. परवान्याचे कार्ड हातात येईपर्यंत गावी येण्याचे तिकीट काढू नका. अर्ज प्रलंबित असताना एक तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, पण त्याच्या प्रत्येक प्रकारावर देशाबाहेर जाऊन परत येता येतेच असे नाही.

टपालपेटीकडे आपले लोक हमखास दुर्लक्ष करतात. जर्मनीत बहुतेक इमारतींमधल्या सदनिकांना क्रमांक नसतात. पत्त्यात रस्त्याचे नाव, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि गाव एवढेच असते, आणि टपालवाला पेटीवरचे आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आधीच्या भाडेकरूचेच नाव राहिले तर तुमचे पत्र परत जाते. कर क्रमांक, विम्याचे कार्ड, बँकेचे कार्ड आणि वेगळ्या पाकिटातून येणारा त्याचा पिन हे सगळे त्या पेटीतूनच येते. किल्ली मिळेल त्या संध्याकाळी आडनाव छापील अक्षरात लिहून पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा. घरमालक पक्की पाटी नंतर लावील. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल तर दोन्ही आडनावे लिहा. नावाबाबत आणखी एक सांगायचे, तर आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव येते, आणि तिकडे ते सगळे मिळून पहिले नाव धरले जाते. पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने, प्रत्येक अर्जावर लिहा. बँकेत एक रूप आणि विमा कंपनीत दुसरे असे झाले, तर ते जुळवून घेण्यात फार वेळ जातो.

आरोग्य विमा तिकडे सक्तीचा आहे आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागतो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त पगार असणाऱ्याला सरकारी पद्धतीचा विमा किंवा खासगी विमा यांतून निवड करता येते, आणि तरुण वयात खासगी विम्याचा हप्ता कमी दिसतो. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी सरकारी पद्धतीचाच विमा सुचवते. त्यात वेगळी कमाई नसलेली पत्नी आणि मुले जादा हप्त्याशिवाय सामावली जातात, तर खासगी विम्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो. शिवाय खासगीतून सरकारीत परतणे सोपे नाही आणि पंचावन्न वर्षांनंतर ती वाट जवळपास बंदच होते. पत्नीला पुढे चांगल्या पगाराची नोकरी मिळाली, तर हे गणित अर्थातच पुन्हा मांडावे लागेल.

आता घर आणि पैसा. जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि वार्ममीटे म्हणजे त्यात इमारतीचा खर्च, पाणी व बहुधा हीटिंग धरून होणारी रक्कम. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याहून वेगळे असते. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. उदाहरणादाखल, काल्टमीटे १,००० युरो आणि वार्ममीटे १,२५० युरो असेल तर अनामत आणि पहिले भाडे मिळून ४,२५० युरो होतात. पगार महिन्याच्या अखेरीस येतो, आणि अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार मोकळ्या भिंती व नळाची जोडणी एवढेच असते; शेगडी, सिंक, कपाटे तुम्हालाच बसवावी लागतात. म्हणून हाताशी किती पैसे ठेवावेत याचे माझे उत्तर असे आहे: घराची अनामत, दोन महिन्यांचे वार्ममीटे आणि दोन महिन्यांचा खाण्यापिण्याचा खर्च एवढी रक्कम तुमची स्वतःची असावी, उसनी नसावी. भाडेकरू जाताना जुने स्वयंपाकघर विकून जातात. ते घेणे पहिल्या वर्षी शहाणपणाचे ठरते.

घर न पाहता, किल्ली हातात न पडता, कोणालाही अनामत पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असे सांगणारा फसवणाराच असतो. घराचा ताबा घेताना प्रत्येक खोलीतले ओरखडे, डाग, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या नोंदवणारा कागद दोघांच्या सहीने करा आणि फोटो काढून ठेवा. घर सोडताना अनामत परत मिळणे त्याच कागदावर ठरते.

इथवरचा क्रम पुन्हा सांगते: नोंद करता येईल असा पत्ता, पेटीवर नाव, नगरपालिकेतली नोंद, परवान्याच्या भेटीची मागणी, बँक आणि विमा, मग कायमचे घर. पत्नी आणि मुलगी जानेवारीत आल्या की त्यांचीही नोंद दोन आठवड्यांत करायची आहे, आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीला त्यांची नावे कळवायची आहेत.

सामानाचे बोलू. तुरीची डाळ, कणीक, पोहे, कोथिंबीर हे स्टुटगार्टच्या परिसरातील भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळते, त्यासाठी वजन वाया घालवू नका. न्यायची ती आपली चटणी, म्हणजे डंकावर कुटून आणलेला कांदा-लसूण मसाला, कारण त्याची चव तिकडच्या कोणत्याही पाकिटाला नाही. हवाबंद पिशव्यांत भरा, वर इंग्रजीत नाव लिहा आणि तिकडे गेल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा. खोबऱ्यामुळे तो उघड्यावर लवकर खवट होतो. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस वेगळी नेऊ नका आणि चटणीही खसखस न घालता करून घ्या, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तूप, पेढे, खवा, चीज असे दुधाचे पदार्थ आणि कोणत्याही स्वरूपातले मांस युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला नेता येत नाही. आईने कढवलेले तूप असो की गोकुळचे बंद डब्यातले, नियम एकच आहे. लोणी तिकडे उत्तम मिळते, ते घरी कढवले की तूप होते. गूळ नेता येतो. घरच्यांच्या नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या वापराइतक्याच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्याव्यात.

भांड्यांत प्रेशर कुकर न्यावा, पण बुडाला लोहचुंबक चिकटतो का हे दुकानातच पाहून घ्या. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. मिक्सर खुशाल न्या. विजेचा दाब आणि वारंवारता आपल्यासारखीच, म्हणजे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, फक्त तीन पिनांच्या वायरीसाठी अडॅप्टर लागतो. थंडीचे जाड कपडे इथे विकत घेऊ नका. उतरल्यावर लागेल असे एक जाकीट पुरे, बाकीचे तिकडे त्या हवेचा अंदाज घेऊन घ्यावे.

त्या स्वयंपाकघरात आपला स्वयंपाक कसा करायचा, हे सामानापेक्षा मोठे प्रकरण आहे. तिकडची घरे थंडीसाठी घट्ट बंद बांधलेली असतात. पांढऱ्या-तांबड्या रश्शाची वाफ, फोडणीचा धूर आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा ओलावा यांना बाहेर जायला वाट नसते. मग कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून हे साधत नाही, उलट भिंत थंड होऊन बुरशी वाढते. दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटांत सगळी हवा बदलायची आणि पुन्हा घट्ट बंद करायच्या. त्या वेळी रेडिएटर बंद ठेवायचा. रेडिएटरच्या खुंटीवर तीन हा आकडा म्हणजे साधारण वीस अंश तापमान. पाचवर ठेवले म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त वर्षअखेरीच्या हिशेबात जादा रक्कम भरावी लागते. मिरच्या किंवा खोबरे भाजताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडी ठेवा, कारण झोपण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर धूरसूचक यंत्रे असतात आणि त्यांचा आवाज शेजारच्या जिन्यापर्यंत जातो.

रविवारी आणि सणाच्या दिवशी तिकडे दुकाने बंद असतात आणि इमारतीत शांतता पाळली जाते. रोज रात्री दहा ते सकाळी सहा हाही शांततेचा काळ असतो. इडलीचे पीठ शनिवारीच वाटून ठेवा, भिंतीला खिळे ठोकायचे कामही शनिवारी दुपारी उरका. काचेच्या रिकाम्या बाटल्या सार्वजनिक पेटीत रविवारी टाकल्या तरी लोक टोकतात. स्टुटगार्टच्या स्वाबियन भागात केअरवोखे नावाची पद्धत आहे: जिना, तळघराची वाट आणि काही ठिकाणी समोरचा फुटपाथ आठवड्याच्या पाळीने भाडेकरूंनीच झाडायचा. तुमच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवलेली दिसली तर ती तुमची पाळी आहे; काम करून ती पुढच्या दाराला अडकवायची. पाळीत बर्फ पडला तर तो काढणेही बहुधा त्यातच येते. आमच्या ओळखीतल्या एका नव्या कुटुंबाने ती पाटी शोभेची समजून आत नेऊन ठेवली होती आणि शेजारी महिनाभर अबोला धरून बसले. पहिल्याच आठवड्यात वर-खालच्या दोन घरांची घंटी वाजवून दोघांनी नाव सांगावे आणि पाळीची पद्धत विचारून घ्यावी. पुढे मुलीच्या रडण्याची किंवा पाहुण्यांच्या आवाजाची तक्रार व्हायची, ती या एका भेटीने टळते.

पत्नीविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला तिकडे येण्यापूर्वी जर्मनच्या परीक्षेची अट नाही आणि आल्यावर नोकरी करण्याची पूर्ण मुभा आहे. या सवलतीमुळेच अनेक घरांत "जर्मन तिकडे जाऊन शिकू" असे ठरते. मग जानेवारीत ती पोहोचते तेव्हा सकाळी आठपर्यंत अंधार, संध्याकाळी पाचला पुन्हा अंधार, नवरा कारखान्यात, दारात आलेल्या माणसाशी काय बोलावे ते कळत नाही आणि पेटीतली पत्रे संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहतात. माझ्याकडे येणाऱ्या फोनांत सगळ्यात दुखरे फोन याच महिन्यांतले असतात. तुमच्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ मोकळा आहे. तेवढ्यात पत्नीने इथेच जर्मनची पायाभूत पातळी पूर्ण करावी, विशेषतः आकडे, वेळ, पत्ता, फोनवर नाव सांगणे आणि डॉक्टरकडची वेळ मागणे यांचा सराव करावा. तिकडे गेल्यावर फोल्क्सहोखशूले या नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण केंद्रांत माफक शुल्कात वर्ग असतात. नाव ऑक्टोबरमध्येच नोंदवून ठेवा, वर्ग भरून जातात.

त्याचबरोबर भाडेकरारावर दोघांचे नाव, बँकेत दोघांचे खाते, पत्नीचा स्वतःचा फोन क्रमांक आणि प्रवासाचे तिकीट या गोष्टी पहिल्या महिन्यातच व्हाव्यात. तिकिटासाठी देशभरच्या स्थानिक गाड्यांना चालणारे मासिक डॉइशलांड-टिकेट सोयीचे आहे. २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झाले आणि २०२५ मध्ये ५८ युरो झाले. ते लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही आणि बंद करायचे तर चालू महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावे लागते. आलेली सगळी पत्रे दोघांनी एकत्र बसून वाचायची, फोनने भाषांतर करून त्यावर उत्तराची शेवटची तारीख पेनाने लिहायची आणि एका फाईलमध्ये लावायची. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला साधारण एक महिनाच मिळतो, त्यामुळे न उघडलेले पाकीट हे तिकडे खरोखर महाग पडते. नोंदणीनंतर घरामागे महिना १८.३६ युरोच्या सार्वजनिक प्रसारण शुल्काचे पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी ते द्यावे लागते. फसवणूक समजून फेकून देऊ नका.

मुलीसाठी बालवाडीचा अर्ज पत्ता मिळताच, ती पोहोचण्याच्या आधीच नगरपालिकेकडे करा. जागेचा कायदेशीर हक्क असला तरी प्रतीक्षायादी असते. मार्च २०२० पासून बालवाडीत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे आणि तिच्या वयाला दोन मात्रा लागतात. आपल्या लसीकरण पुस्तिकेत तारखा अनेकदा गिचमिड असतात; इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून लसींची इंग्रजी नावे आणि तारखा असलेली सही-शिक्क्याची प्रत घ्या. प्रवेश मिळाल्यावर पहिले काही आठवडे आई किंवा वडिलांपैकी एकाने थोडा वेळ मुलीसोबत वर्गात बसायचे असते आणि तो वेळ हळूहळू कमी करतात. त्या काळात पत्नीचा भाषावर्ग सकाळी ठेवू नका. पावसाची पँट, गमबूट आणि वर्गातल्या चपला लागतील, कारण मुले सगळ्या हवेत बाहेर खेळतात. बालभत्त्याचा म्हणजे किंडरगेल्डचा अर्जही लगेच करा. २०२५ मध्ये तो मुलामागे महिना २५५ युरो होता आणि मागची रक्कम फक्त सहा महिन्यांची मिळते. सहाव्या वर्षी शाळा सक्तीची होते, आणि मग नवरात्र किंवा घरचे लग्न म्हणून शाळा सुरू असताना मुलीला परवानगीशिवाय गावी आणता येणार नाही, हे आजी-आजोबांनाही आत्ताच सांगून ठेवा.

आजारपणात थेट मोठ्या रुग्णालयात जायची आपली सवय तिकडे चालत नाही. घराजवळचा कौटुंबिक डॉक्टर आणि मुलीसाठी बालरोगतज्ज्ञ तब्येत चांगली असतानाच शोधून ठेवा. अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. रात्री किंवा रविवारी ताप आला तर ११६११७, जिवावर बेतले तर ११२ आणि पोलिसांसाठी ११०. हे तीन क्रमांक फ्रिजवर लावा.

दोन गोष्टी झटकन. आपला वाहन परवाना तिकडे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तयारी तिसऱ्या महिन्यापासून करा. आणि व्यक्तिगत दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणारा विमा, घ्या. कुटुंबासाठी तो वर्षाला साधारण शंभर युरोच्या आत मिळतो. इमारतीची किल्ली हरवली तर काही ठिकाणी सगळ्या जिन्याची कुलपे बदलावी लागतात. असा खर्च त्यातून निघू शकतो, मात्र किल्लीचा समावेश आहे ना हे वाचून घ्या.

शेवटी कोल्हापुरातली व्यवस्था. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे इथल्या उत्पन्नासाठीचे खाते, करून घ्यायचे आणि तिकडच्या पगारातून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई हे अनिवासींचे दुसरे खाते उघडायचे. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही, एनआरओच्या व्याजावर मात्र कर कापला जातो. भारतीय सिमकार्ड बंद पडू देऊ नका. आधार आणि बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. गावाकडे उसाची जमीन तुमच्या नावावर असेल तर ती ठेवता येते, वारशानेही येऊ शकते, पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या कामांना सही लागेल त्यांचे मुखत्यारपत्र, मर्यादित कामांपुरतेच, जाण्यापूर्वी नोंदणीकृत करा. तिकडून करायचे झाले तर भारतीय वकिलातीत जावे लागते.

आई-वडिलांशी बोलण्याची वेळही ठरवून घ्या. उन्हाळ्यात अंतर साडेतीन तासांचे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते साडेचार तासांचे होते; तुमची जेवणाची वेळ म्हणजे त्यांची झोपेची वेळ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून शहराचा संपर्क तुटला होता. तुमचे घर शाहूपुरी, दुधाळी अशा पाणी येणाऱ्या भागात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या गोळ्या किमान तीन आठवड्यांच्या घरात असाव्यात आणि पाणी वाढल्यास ते कोणाकडे जातील हे त्या माणसाशी आत्ताच बोलून ठरवावे.

किती काळ लागतो, या प्रश्नाचे माझ्या अनुभवातले उत्तर असे की कागदांची घडी क्रमाने गेलात तर तीन महिन्यांत बसते; भाषेला आणि माणसांना वर्ष-दीड वर्ष द्यावे लागते. या आठवड्यात महानगरपालिकेतून विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांच्या इंग्रजी नाव असलेल्या प्रती काढा, त्यावरची नावे तिन्ही पासपोर्टांशी अक्षर-अक्षर ताडून पाहा आणि फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, कारण ऑक्टोबरनंतर त्यासाठी इथल्या खिडकीवर तुमच्याऐवजी वडिलांना उभे राहावे लागेल. तुमचे नेमके गाव कळवलेत तर तिथल्या बालवाडीच्या अर्जाची पद्धत मी पाहून सांगेन.